दसऱ्यानंतरचा हजेरीपट

महाविद्यालयातल्या गळतीच्या अभ्यासाकडे वळणाऱ्या तरुण प्राध्यापकांनो आणि संशोधकांनो, सिद्धान्ताची पुस्तके हाती घेण्याआधी एक करा. जळगाव किंवा धुळे जिल्ह्यातल्या तालुक्याच्या एखाद्या महाविद्यालयातला प्रथम वर्षाचा हजेरीपट मागून घ्या आणि तो जुलैपासून महिन्यामहिन्याने वाचा. दसऱ्याच्या सुमारास कपाशीची वेचणी सुरू होते. मजुरी किलोवर मिळते आणि घरातला प्रत्येक हात मोजला जातो. पहिल्या सत्राची परीक्षाही त्याच दिवसांत येते. पुढे तुळशीचे लग्न लागले की लगीनसराई सुरू होते, तेव्हा मुलींच्या नावांपुढच्या खुणा पाहा. गळती कशी होते हे या दोन ऋतूंत जितके कळते तितके वार्षिक अहवालातून कधीच कळत नाही.

खान्देशात उच्च शिक्षणाची मुख्य अडचण दीर्घकाळ अंतराची होती. जळगावचे मूळजी जेठा आणि अमळनेरचे प्रताप ही दोन्ही महाविद्यालये 1945 सालची. त्यानंतर तालुक्यातालुक्यात महाविद्यालये निघाली, तरी विद्यापीठ पुण्यालाच होते. 15 ऑगस्ट 1990 रोजी जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले आणि 2018 मध्ये त्याला बहिणाबाई चौधरींचे नाव मिळाले. जिला अक्षरओळख नव्हती, जिच्या ओव्या मुलाने आणि नातलगाने उतरवून घेतल्या म्हणून उरल्या, त्या आसोद्याच्या लेकीचे नाव पदवीवर छापले जाते. प्रवेशाचा प्रश्न असा बराच सुटला. आत आलेला विद्यार्थी तिसऱ्या वर्षापर्यंत टिकतो का, हा आता आपला प्रश्न आहे.

अभ्यासकांनी दोन मांडण्या जाणून घ्याव्यात. व्हिन्सेंट टिंटो यांनी 1975 मध्ये असे मांडले की, विद्यार्थी अभ्यासाशी आणि महाविद्यालयातल्या माणसांशी जितका जोडला जाईल तितका तो टिकेल. ही मांडणी मोलाची आहे, पण तिच्या नजरेसमोर वसतिगृहात राहणारा विद्यार्थी होता. 1985 मध्ये बीन आणि मेट्झनर यांनी घरून ये-जा करणाऱ्या, नोकरी आणि संसार सांभाळणाऱ्या विद्यार्थ्याचा वेगळा विचार केला. अशा विद्यार्थ्याच्या बाबतीत महाविद्यालयाबाहेरच्या गोष्टी, म्हणजे पैसा, कामाचे तास, घरची जबाबदारी, अधिक निर्णायक ठरतात, असे ते म्हणतात. आपली अपडाऊन करणारी मुले याच वर्णनात बसतात. प्रात्यक्षिक संपायच्या आत एखाद्या मुलीच्या गावाकडची शेवटची एसटी निघून जात असेल, तर त्या वेळापत्रकाने त्या मुलीला विज्ञान शाखेतून काढून टाकलेच म्हणायचे.

अमेरिकेत अशा विद्यार्थ्यांसाठी कम्युनिटी कॉलेज ही स्वतंत्र संस्था वाढली. जोलिएटचे पहिले कॉलेज 1901 सालचे. आपल्याकडे 1995 मध्ये पुदुच्चेरीत तिची सुरुवात झाली आणि पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने योजनाही आणली. खान्देशात मात्र हे काम अमळनेर, चोपडा, शिरपूर, साक्री, दोंडाईचा इथल्या नेहमीच्या कला-वाणिज्य-विज्ञान महाविद्यालयांनाच करावे लागते. म्हणून अभ्यासक्रमाचा विचार तिथूनच हवा. जळगावच्या डाळ मिलमध्ये, चटईच्या कारखान्यात, रावेर-यावलच्या केळीच्या बागेत विद्यार्थी जे काम करतोच आहे, त्याचे हिशेब, त्यातले रसायनशास्त्र, त्यातली बाजारपेठ वर्गात आली, तर काम आणि शिक्षण यांतली ओढाताण थोडी कमी होईल. कर्मवीर भाऊराव पाटलांची ‘कमवा आणि शिका’ ही दृष्टी याच जातीची आहे.

भाषेचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि त्यावर काम फार थोडे होते. घरी अहिराणी, भिली किंवा पावरी बोलणाऱ्या मुलाला पुस्तकी मराठी ही दुसरी भाषा असते. इंग्रजी त्याहून लांबची. शिरपूरच्या पाड्यावरून आलेला मुलगा पहिले सहा महिने वर्गात तोंड उघडत नाही. त्याला आपण ‘कच्चा’ ठरवतो, एटीकेटी लागते आणि दुसऱ्या वर्षी तो दिसत नाही. पहिल्या सत्रात शिक्षक मुलांच्या घरच्या भाषेत चार वाक्ये बोलले, तरी त्या वर्गाची हवा बदलते.

नव्या शैक्षणिक धोरणाने एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका घेऊन बाहेर पडण्याची मुभा दिली आहे आणि मिळवलेले श्रेयांक जमा राहतात. सोय चांगली आहे. पण नाइलाजाने शिक्षण सोडणाऱ्याच्या हाती प्रमाणपत्र ठेवले म्हणून गळतीच्या रकान्यातून त्याचे नाव काढले, तर ती मोठी चूक होईल. बाहेर पडलेल्यांपैकी परत किती आले, हे मोजणारा अभ्यास आज सर्वांत आधी हवा.

यंदा दिवाळीची सुट्टी लागण्यापूर्वी आपल्या वर्गाचा हजेरीपट घेऊन बसा. जुलैत होती आणि आता नाहीत ती नावे वहीत उतरवा आणि सुट्टीत त्या घरांपर्यंत जाऊन या.