घुंगुरकाठीपासून समतेच्या लाठीपर्यंत

बुद्धविहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत लाठीकाठीवर लेख कशाला, असे कुणी विचारील. जिथे आपण पंचशील ग्रहण करतो, प्राणिहत्येपासून अलिप्त राहण्याची शपथ घेतो, तिथे काठीचे काय काम? प्रश्न रास्त आहे. गिरणीत पाळी करून उरलेल्या वेळात वाचनालयात बसणारे आम्ही. वाचता वाचता एक गोष्ट ध्यानात आली, ती अशी की काठी आपल्या समाजाच्या हातात पूर्वीपासूनच होती. फक्त ती कुणासाठी होती, हे पाहिले पाहिजे.

आपला शहापूर-मुरबाडचा मुलूख सह्याद्रीच्या पायथ्याचा. इकडे माहुली किल्ला, तिकडे नाणेघाट आणि माळशेज. नाणेघाटातून सातवाहनांच्या काळी कोकणच्या बंदरांतला माल जुन्नरकडे चढत होता. वाटा रानाच्या, गावे लांब लांब. अशा महाराष्ट्रातल्या गावगाड्यात राखण कुणी करायची? वेसकर महाराने! वेशीवर रात्रीचा पहारा, शिवेच्या तंट्यात साक्ष, सरकारी खजिना आणि टपाल पोचवणे ही सारी कामे त्याची. हातात घुंगुरकाठी. घुंगरू वाजले की वेसकर आला, हे गावाला कळायचे. पण ज्या गावाची त्याने राखण केली, त्याच गावच्या पाणवठ्यावर त्याला पाणी भरता येत नव्हते. हातात काठी होती, पण हक्क नव्हता. वतनाच्या तुकड्यापायी अख्खे घराणे रात्रंदिवस राबत असे. म्हणूनच बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनाचा कायदा बदलण्यासाठी विधेयक मांडले. ती वतने कायद्याने रद्द व्हायला मात्र १९५८ साल उजाडावे लागले.

शौर्य कमी होते असे नाही. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावला महार शिपाई लढले, त्यांची नावे तिथल्या स्तंभावर कोरलेली आहेत. पुण्यात लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत जोतिराव फुले दांडपट्टा आणि नेमबाजी शिकले. ज्यांना गाव अस्पृश्य म्हणत होते, त्यांच्याकडे विद्या शिकायला जोतिराव गेले, हे विसरता कामा नये. पुढे १८९० नंतरच्या दशकात इंग्रज सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. त्याविरुद्ध गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज लिहिला. अखेर १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली.

पण काठीचा खरा अर्थ बदलला तो महाडला. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी घेऊन लोक मंडपाकडे परतले. तेवढ्यात, हे आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी कंडी कुणी पिकवली आणि बेसावध माणसांवर हल्ला झाला. आपल्या लोकांत लढाई पाहिलेले माजी सैनिक होते. त्यांनी मनात आणले असते तर महाडात रक्ताचा सडा पडला असता. बाबासाहेबांनी त्यांना आवरले, आणि ते आवरले गेले! ही शिस्त भित्र्या माणसाला जमत नाही. ज्याच्या मनगटात जोर आहे, त्यालाच हात आवरता येतो. त्याच १९२७ साली समता सैनिक दल उभे राहिले. सभेचे रक्षण करायचे, गर्दीला वळण लावायचे, माता-भगिनींना वाट करून द्यायची, हे त्याचे काम. जुलै १९४२ मध्ये नागपूरला दलाची परिषद भरली, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर लाखोंच्या समुदायाची व्यवस्था पाहायलाही सैनिक उभे होते. वेसकराची काठी दुसऱ्यांचे घर राखत होती. सैनिकाची लाठी आपल्या माणसांचा मान राखू लागली.

लाठीची विद्यासुद्धा हेच शिकवते. भरीव बांबूची, उभी धरली तर कानापर्यंत येणारी लाठी घ्यावी. चांगला वस्ताद पहिल्या दिवशी वार शिकवीत नाही. आधी जोर-बैठका, मग पवित्रा, म्हणजे पाय कसे रोवायचे, वजन कुठे ठेवायचे ते. मग एका हाताने, दोन्ही हातांनी फिरवणे. त्यानंतर डोक्यावरचा, कमरेवरचा, पायावरचा वार अडवणे. अडवता आले की मगच मारणे. आणि चारचौघांनी घेरले तर लाठी फिरवीत वाट काढून निसटायचे, तिथे मर्दुमकी दाखवायची नाही.

आता अहिंसेचे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केला आहे. धम्माला नको आहे ती इच्छा. चीनमधल्या शाओलिन विहारातले भिक्खूही शतकानुशतके नावाजले ते काठीसाठीच. बोधिधर्मांनी त्यांना ही विद्या दिली, ही कथा लोकप्रिय आहे. अभ्यासक मात्र ती मागाहून रचलेली मानतात. पण सोळाव्या शतकात त्या भिक्खूंनी समुद्री चाच्यांशी लढून किनाऱ्यावरच्या लोकांना वाचवले, हा इतिहास आहे.

कायदाही हेच सांगतो. स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या शरीराचे रक्षण करण्याचा हक्क पूर्वी भारतीय दंड संहितेत होता, १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. मात्र गरजेपुरतेच बळ वापरायचे. हल्लेखोर पळाला की हक्क संपला. पाठलाग करून मारलेत तर गुन्हेगार तुम्ही. तिथून पुढे काम लाठीचे नाही, लेखणीचे. पोलीस ठाण्यात जाऊन फिर्याद लिहून द्या आणि तिची प्रत हातात घेतल्याशिवाय उठू नका.

तेव्हा बंधू-भगिनींनो, वंदनेनंतर विहाराच्या अंगणात रोज अर्धा तास पोरापोरींना उभे करा. पोरींना आधी! एस.टी.च्या थांब्यापासून पाड्यापर्यंत अंधारात चालत येतात त्या. जयंतीच्या मिरवणुकीत लाठी फिरवून टाळ्या मिळतात, त्यात वाईट काही नाही. पण ज्या वस्तीतली लेक मान वर करून घरी येते, त्या वस्तीतली लाठी खरी.

जय भीम! नमो बुद्धाय!