संत मार्टिनचा सण आणि रणभूमीची तारीख

ख्रिस्तसभेच्या उपासना-दिनदर्शिकेत ११ नोव्हेंबर हा दिवस टूर्सचे महागुरू संत मार्टिन यांचा सण म्हणून नोंदलेला आहे. जगाच्या लष्करी इतिहासाचा ग्रंथ उघडला, तर हीच तारीख निराळ्या कारणांनी ठळक झालेली आढळते. पहिले महायुद्ध याच तारखेला थांबले. दुसऱ्या महायुद्धातील दोन मोठ्या घटना याच तारखेच्या आहेत. नेपोलियनच्या काळातील एक रक्तरंजित लढाईही याच दिवशी झाली. एका शस्त्रत्यागी सैनिकाचा सण आणि शस्त्रांच्या इतिहासातील इतक्या घटना एकाच दिवशी याव्यात, हा निव्वळ योगायोग होय. तरीही शेजारी येऊन बसलेल्या गोष्टी कधी कधी एकमेकींवर प्रकाश टाकतात. तो प्रकाश कोणता, हे या लेखात पाहण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम संताविषयी. मार्टिन यांचा जन्म चौथ्या शतकाच्या पूर्वार्धात, आज हंगेरीत असलेल्या साबारिया या गावी झाला. वडील रोमन सैन्यात अधिकारी. मुलाचे नाव त्यांनी मार्स या युद्धदेवतेच्या नावावरून ठेवले. सैनिकाच्या मुलाने सैनिकच व्हावे, असा साम्राज्याचा कायदा होता. त्यामुळे ख्रिस्ताकडे मन ओढ घेत असतानाही पंधराव्या वर्षी या मुलाच्या कमरेला तलवार आली. फ्रान्समधील आमियें नगराच्या वेशीवर कडाक्याच्या थंडीत एक उघडा भिकारी त्याला दिसला आणि त्याने आपल्या झग्याचे तलवारीने दोन तुकडे करून एक त्याला दिला, ही कथा आपल्या लहान मुलांनाही ठाऊक आहे. त्या रात्री स्वप्नात प्रभू ख्रिस्त तोच अर्धा झगा पांघरून उभा होता, आणि मार्टिनचा बाप्तिस्मा तेव्हा अजून व्हायचा होता, असे त्यांचे समकालीन चरित्रकार सुल्पिसियस सेवेरस यांनी लिहून ठेवले आहे.

त्याच चरित्रातील पुढचा प्रसंग मात्र आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. वर्म्स नगरापाशी लढाईच्या आदल्या दिवशी सेनापती ज्युलियन सैनिकांना बक्षिसी वाटत होता. मार्टिनची पाळी आली तेव्हा त्यांनी ती नाकारली आणि आपण यापुढे ख्रिस्ताचे सैनिक असल्याने लढणार नाही, असे सांगितले. भित्रेपणाचा आरोप झाला. त्यावर, उद्या आपल्याला निःशस्त्र सैन्याच्या पुढे उभे करावे, असे त्यांनी सुचवले. त्यांना कैदेत टाकण्यात आले. परंतु दुसऱ्या दिवशी शत्रूनेच तहाची बोलणी लावली आणि लढाई टळली. पुढे मार्टिन संन्यस्त झाले, लिगुजे येथे त्यांनी मठ स्थापला आणि ३७१ साली लोकांच्या आग्रहाने ते टूर्सचे महागुरू झाले.

त्यांचा अंतही लक्षात ठेवण्याजोगा आहे. ३९७ साली कांद या गावच्या धर्मसेवकांमध्ये भांडण लागले होते. ते मिटवण्यासाठी वृद्ध महागुरू स्वतः तिथे गेले. समेट झाला, परतीची तयारी सुरू झाली, आणि तिथेच त्यांनी ८ नोव्हेंबरला देह ठेवला. ११ नोव्हेंबरला टूर्स येथे त्यांचे दफन झाले. आपण सण साजरा करतो तो या दफनाच्या दिवशी.

यानंतर इतिहासाने या संताची विलक्षण थट्टा केली. त्यांच्या झग्याचा अवशेष फ्रँक राजांच्या ताब्यात गेला, आणि ते राजे विजयासाठी तो झगा बरोबर घेऊन रणांगणावर जाऊ लागले. झग्याला लॅटिनमध्ये 'कापेल्ला' म्हणत. तो ज्या ठिकाणी ठेवला जाई ते 'चॅपल' झाले आणि तो सांभाळणारा धर्मगुरू 'चॅप्लेन' झाला. आपल्या नित्याच्या बोलण्यातले हे दोन शब्द असे एका फाटक्या झग्यातून निघाले आहेत. ज्याने लढण्यास नकार दिला, त्याचेच वस्त्र लढाईचे निशाण व्हावे, ही गोष्ट आम्हां धर्मगुरूंना अंतर्मुख करणारी आहे. संताचा सन्मान करताना त्याच्या शिकवणुकीला बगल देणे किती सोपे असते, हे तिच्यातून दिसते.

शतके लोटली. १८०५ च्या ११ नोव्हेंबरला डॅन्यूब नदीकाठी ड्युर्नश्टाइन येथे मोर्तिए याच्या फ्रेंच सैन्याची आणि कुतुझोव्हच्या आधिपत्याखालील रशियन-ऑस्ट्रियन सैन्याची गाठ पडली. रात्र होईपर्यंत लढाई चालली, दोन्हीकडचे हजारो सैनिक मारले गेले किंवा जायबंदी झाले, आणि दोन्ही बाजूंनी विजय आपलाच झाल्याचे जाहीर केले. या लढाईविषयी याहून अधिक सांगण्यासारखे नाही.

सांगण्यासारखे पुष्कळ आहे ते १९१८ विषयी. त्या वर्षी नोव्हेंबरच्या ८ तारखेला जर्मनीचे शिष्टमंडळ फ्रान्समधील कोंपियेन्यच्या अरण्यात मार्शल फॉश यांच्या रेल्वेच्या डब्यात येऊन दाखल झाले. शिष्टमंडळाचे प्रमुख माथियास एर्त्सबर्गर हे कॅथलिक प्रापंचिक होते. आदल्याच वर्षी, जुलै १९१७ मध्ये, समेटाच्या मार्गाने शांतता साधावी असा ठराव जर्मन संसदेत संमत करून घेण्यात त्यांनी पुढाकार घेतला होता. पाठोपाठ १ ऑगस्टला पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी सर्व युद्धमान राष्ट्रांपुढे शांततेचा प्रस्ताव ठेवला होता. दोन्ही प्रयत्न वाया गेले होते. आता पराभूत राष्ट्राच्या वतीने सही करण्याचे काम त्याच एर्त्सबर्गर यांच्या वाट्याला आले. वाटाघाटी चालू असेपर्यंत तरी गोळीबार थांबवावा, अशी विनंती जर्मनांनी केली. फॉश यांनी ती मान्य केली नाही.

११ नोव्हेंबरच्या पहाटे पाच वाजून गेल्यावर सह्या झाल्या. युद्ध थांबणार होते सकाळी अकरा वाजता. अकराव्या महिन्याचा अकरावा दिवस आणि अकरावा तास असा हा मेळ शाळेच्या पुस्तकांतून मोठ्या कौतुकाने सांगितला जातो. पाच ते अकरा या मधल्या सहा तासांत काय झाले, हे मात्र पुस्तके क्वचितच सांगतात.

या अवधीला एक व्यावहारिक कारण होते. शेकडो मैल पसरलेल्या आघाडीवरच्या प्रत्येक तुकडीपर्यंत हुकूम पोहोचायला हवा होता. पण हुकूम हाती पडल्यावरही अनेक सेनानींनी चढाई चालूच ठेवली. स्तने या गावात सैनिकांच्या स्नानाची चांगली सोय आहे, असे कळल्यामुळे एका अमेरिकन सेनानीने आपल्या तुकडीला ते गाव जिंकायला लावले. त्यात ३०० हून अधिक जण मृत वा जखमी झाले. काही तासांनी त्या गावात नुसते चालत जाता आले असते. त्या एका दिवसात सर्व बाजूंचे मिळून सुमारे ११,००० सैनिक मृत, जखमी वा बेपत्ता झाले, आणि मृतांची संख्या २,७०० च्या घरात होती, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

संख्या वाचून मन हलत नाही, म्हणून तीन नावे सांगतो. ऑग्युस्तें त्रेब्युशों हा फ्रेंच जवान मूळचा मेंढपाळ. साडेअकराला गरम सूप मिळेल, एवढाच निरोप घेऊन तो निघाला होता. अकराला काही मिनिटे असताना त्याला गोळी लागली. युद्धविरामाच्या दिवशी माणूस मेला हे सरकारला अडचणीचे वाटले असावे. त्याच्या थडग्यावर १० नोव्हेंबर ही तारीख कोरली गेली. कॅनडाचा जॉर्ज प्राइस बेल्जियममध्ये १० वाजून ५८ मिनिटांनी पडला. अमेरिकेचा हेन्री गुंथर हा बाल्टिमोरच्या एका कॅथलिक धर्मग्रामातला, जर्मन वंशाचा तरुण. तो संगीन रोखून जर्मन ठाण्यावर धावून गेला. समोरचे सैनिक हात हलवून त्याला मागे फिरायला सांगत होते. तो थांबला नाही, आणि १० वाजून ५९ मिनिटांनी त्यांनी गोळी झाडली. पहाटे पाच वाजता ज्या गोष्टीचा निकाल लागला होता, तिच्यासाठी ही माणसे मेली.

बेल्जियममधील माँ शहराजवळ सें-सिंफोरियें येथे एक दफनभूमी आहे. तिथे या युद्धात पडलेला पहिला ब्रिटिश सैनिक आणि शेवटचा ब्रिटिश सैनिक यांची थडगी समोरासमोर, काही पावलांच्या अंतरावर आहेत. दोघांच्या मध्ये चार वर्षे आणि लक्षावधी मृत्यू आहेत.

या मृत्यूंमध्ये आपल्या मातीचाही वाटा आहे. भारतातून दहा लाखांहून अधिक माणसे या युद्धासाठी समुद्रापार गेली आणि सुमारे ७४,००० परतली नाहीत. फ्रान्समधील नव-शापेल येथील स्मारकावर ४,७०० हून अधिक भारतीय नावे आहेत. मेसोपोटेमियातील कूत येथे सहाव्या पुणे डिव्हिजनला वेढा पडला. तिच्यात मराठा पलटणीही होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी त्या सैन्याला शरण जावे लागले आणि कैदेतल्या वाटचालीत असंख्य जवान दगावले. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या एकाच गावाने ४६ तरुण गमावले. ते गाव आजही अपशिंगे मिलिटरी म्हणूनच ओळखले जाते. भारतीय जवान पूर्व आफ्रिकेतही लढले. तिथे तर अकरा तारखेला बंदुका थांबल्याच नाहीत. बातमी पोहोचायला दोन-तीन दिवस लागले आणि तिथल्या जर्मन सैन्याने शस्त्रे खाली ठेवली ती २५ नोव्हेंबरला.

तोफा थांबल्या, पण समेट झाला का? २६ ऑगस्ट १९२१ रोजी एर्त्सबर्गर फिरायला गेले असताना सूडाने पेटलेल्या माजी लष्करी अधिकाऱ्यांनी त्यांची हत्या केली. सही केली, हाच त्यांचा अपराध. कोंपियेन्यचा तो रेल्वेचा डबा फ्रान्सने विजयचिन्ह म्हणून जतन केला. २२ जून १९४० रोजी हिटलरने तोच डबा संग्रहालयातून काढवून त्याच जागी उभा केला आणि त्यात फ्रान्सकडून शरणागतीची सही घेतली. त्याच वर्षी ११ नोव्हेंबरच्या रात्री ब्रिटिश विमानांनी इटलीच्या तारांतो बंदरावर हल्ला चढवून तीन युद्धनौका निकामी केल्या. जपानी अधिकाऱ्यांनी या हल्ल्याचा बारकाईने अभ्यास केला. वर्षभरानंतर पर्ल हार्बर घडले. १९४२ च्या ११ नोव्हेंबरला जर्मन फौजा दक्षिण फ्रान्समध्ये घुसल्या. युद्धविरामाच्या स्मृतिदिनी ते राष्ट्र पुरतेपणी व्यापले गेले. चोवीस वर्षांपूर्वी थांबलेले युद्ध संपलेले नव्हते, एवढाच याचा अर्थ.

आम्हांला या तारखेत जे दिसते ते असे. शस्त्रे थांबवायला एक सही पुरते. समेटाला मात्र कोणीतरी समोरच्याच्या दारी चालत जावे लागते. मार्टिन वृद्धापकाळी कांदला गेले ते यासाठी. कोंपियेन्यच्या डब्यात सह्या झाल्या, परंतु कोणी कोणाकडे गेले नाही. आणि ठरलेला समेट अमलात आणायला जो उशीर होतो, त्याची किंमत सही करणारे देत नाहीत. ती सूपाचा निरोप घेऊन निघालेला मेंढपाळ देतो.

हे राष्ट्रांपुरतेच खरे आहे, असे कोणी मानू नये. आपल्या धर्मग्रामांतही बांधावरून, विहिरीवरून, वडिलार्जित घराच्या वाटणीवरून भाऊ कोर्टात जातात. वर्षांनी तडजोड होते, कागदावर सह्या होतात. तरी एकाच्या घरच्या लग्नाला दुसरा जात नाही, आणि शेजारच्या अंगणात खेळू नये, असे नातवंडांना बजावले जाते. मोठ्यांचा तंटा मिटलेला असतो. भोगतात ती मुले. मिस्साबलीत शांतीची खूण देताना आपण शेजारच्या बाकावरील माणसाकडे वळतो. चार बाक पलीकडे बसलेल्या सख्ख्या भावाकडे नजर वळत नाही.

येत्या ११ नोव्हेंबरला संत मार्टिनच्या नावाने प्रार्थना करताना त्या सहा तासांत पडलेल्यांचे, आणि आपल्या गावांतून गेलेल्या, परत न आलेल्या जवानांचेही स्मरण करावे. आणि ज्या घरी जायचे राहून गेले आहे, तिथे सणाच्या संध्याकाळची वाट न पाहता सकाळीच जावे.