चांदमारीचे दार

कामगार चळवळीत ज्यांचे केस पिकले अशा आमच्यासारख्यांनी वसंतातल्या संध्याकाळी बंदुकीवर बोलावयास उभे राहावे, याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. आमची हत्यारे म्हणजे मागणीपत्र, सभा आणि फारच झाले तर संप. पण आजचा विषय बंदुकीचा असला तरी मारामारीचा नव्हे. ठराविक अंतरावर लक्ष्य लावून त्यावर नेम धरण्याचा जो खेळ आहे, तो आपल्याकडे कोणाच्या वाट्याला आला, कोणाला दाराबाहेर ठेवण्यात आले आणि बाहेरचे लोक शेवटी आत कसे शिरले, एवढीच हकीकत सांगावयाची आहे. अशा मैदानाला आपले लोक फौजेच्या भाषेत चांदमारी म्हणत आले. तोच शब्द आम्ही वापरू.

न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ साली. त्यानंतर तीन वर्षांनी, १८७८ मध्ये, लॉर्ड लिटन यांच्या सरकारने दोन कायदे केले. एकाने देशी वृत्तपत्रांचे तोंड बांधले, दुसऱ्याने देशी माणसाचे हात. पहिला कायदा लॉर्ड रिपन यांच्या कारकिर्दीत १८८२ साली रद्द झाला. अर्थात लेखणीसाठी सरकारला पुढे दुसरे फास सापडले, ते लोकमान्यांच्या चरित्रावरून सर्वांना ठाऊक आहे. हत्यारांचा कायदा मात्र डागडुजी होत होत १९६२ पर्यंत टिकला. म्हणजे चौऱ्याऐंशी वर्षे, आणि त्यातली पंधरा स्वराज्यातली.

या कायद्याने बंदूक सरसकट बंद केली असा एक समज आहे, तो खरा नाही. परवाना काढला तर बंदूक बाळगता येई. खरी मेख परवाना कोणाला लागे यात होती. युरोपियन आणि अँग्लो-इंडियन यांना नियमांच्या परिशिष्टाने मोकळीक दिलेली होती. काही राजेरजवाडे आणि सरदार यांनाही होती. कुर्ग प्रांतातल्या कोडवांना तर १८६१ पासूनच सवलत होती आणि ती आजही चालू आहे. बाकीच्यांनी अर्ज करावयाचा. कोकणातल्या ज्या शेतकऱ्याचे भात रानडुकरांनी एका रात्रीत लोळविले, त्याला ठासणीच्या बंदुकीसाठी कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागत, आणि ज्या साहेबाचे एक रोपही उगवलेले नसे त्याच्या भिंतीवर दोन-दोन बंदुका टांगलेल्या असत. राष्ट्रसभेने १८८७ च्या मद्रास अधिवेशनातच या कायद्याविरुद्ध ठराव केला. वंशावर बेतलेली ती सवलत नियमांतून निघावयास १९२० साल उजाडावे लागले.

आता त्याच साम्राज्याच्या दुसऱ्या टोकाला, खुद्द इंग्लंडात, काय चालले होते ते पाहणे उद्बोधक होईल. तेथे १८६० साली विंबल्डनच्या मैदानावर राष्ट्रीय रायफल संघाची पहिली स्पर्धा भरली. व्हिक्टोरिया राणीने रेशमी दोरी ओढून पहिला बार काढला. बंदूक आधीच नेम धरून तिवईवर बसविलेली होती, तेव्हा नेम चुकण्याची धास्ती नव्हती! ही स्पर्धा १८९० मध्ये बिस्ले येथे गेली. परंतु हा खेळ सवड आणि पैसा असणाऱ्यांचा. लंडनच्या कामगाराने रोज बुडवावा, गाडीभाडे भरावे, महागाची काडतुसे घ्यावीत आणि संध्याकाळी उपाशी घरी यावे, हे घडणे शक्य नव्हते.

मग बोअर युद्ध आले. दक्षिण आफ्रिकेतल्या शेतकऱ्यांनी लांबवरून अचूक गोळ्या टाकून शाही फौजेला जेरीस आणले, आणि आपल्या शहरी माणसाला बंदूक धरता येत नाही हे इंग्लंडच्या ध्यानात आले. १९०१ साली मेजर जनरल लुआर्ड यांच्या पुढाकाराने कामकरी लोकांच्या रायफल मंडळांची संस्था निघाली. पुढे लॉर्ड रॉबर्ट्स यांच्यासारखा सेनापतीही या चळवळीच्या पाठीशी उभा राहिला. या लोकांची युक्ती साधी होती. मोठ्या रायफलीऐवजी पॉइंट टू टू या बारीक नळीची रायफल घ्यावयाची. तिची गोळी स्वस्त, धक्का नाममात्र, आवाज थोडा. मैलभर मैदानाची गरज नाही. एखादे सभागृह, एखादी वखार, पंचवीस यार्डांची जागा पुरे. कामावरून सुटलेल्या माणसाने दिव्याच्या उजेडात तासभर नेम धरावा आणि घरी जावे. मुख्य म्हणजे बंदूक मंडळाची, सर्वांनी मिळून वापरावयाची. सभासदाने आपल्या गोळ्यांचे पैसे तेवढे द्यावेत.

हे औदार्य नव्हते, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. पुढच्या लढाईसाठी शिपाई तयार हवे होते. तरीही त्यातून जी गोष्ट सिद्ध झाली ती आम्हांला मोलाची वाटते. हा खेळ गरिबाला शिकवावयाचा तर त्याला बंदुकीचा मालक करण्याची आवश्यकता नाही. सामाईक बंदूक, जवळची जागा आणि कामाच्या वेळेबाहेरचा एक तास, एवढे मिळाले की नवखा माणूस आपण होऊन येतो.

हीच व्यवस्था हिंदुस्थानातही होती, पण तिच्या दारावर रंगाची पाटी होती. जी. आय. पी. आणि बी. बी. अँड सी. आय. या आपल्या मुलखातल्या दोन्ही रेल्वे कंपन्यांत स्वयंसेवक रायफल पथके होती. त्यांत गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन नोकरांची भरती होई. कित्येक रेल्वे कंपन्यांनी अशा नोकरांना पथकात नाव घालणे हा नोकरीचाच भाग केला होता. गणवेश, बंदूक, काडतुसे, चांदमारी आणि वर बक्षिसांच्या स्पर्धा. त्याच इंजिनाच्या फळीवर कोळसा ओढणारा फायरमन, त्याच रुळांवर हातोडा घेऊन फिरणारा गँगमन आणि त्याच तारेवर बोटे झिजविणारा सिग्नलर यांना मात्र पथकात जागा नव्हती. हिंदी लोकांनाही स्वयंसेवक म्हणून घ्यावे, ही मागणी राष्ट्रसभेने १८८६ च्या कलकत्ता अधिवेशनात केली होती. तिचे पुढे काही झाले नाही. १८९९ साली जी. आय. पी.च्या सिग्नलरांनी संप केला, तेव्हा ‘केसरी’ने त्यांची बाजू घेतली. ते सारे बिनहत्यारी, आणि लोहमार्गाच्या रक्षणासाठी शिकवून ठेवलेली बंदूक शेजारच्या वसाहतीत.

मुंबईच्या गिरणगावाला बंदुकीची जी ओळख झाली ती नळीच्या समोरून झाली. १९०८ च्या जुलैत लोकमान्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा गिरणी कामगारांनी वर्षाला एक दिवस याप्रमाणे सहा दिवस हरताळ पाळला आणि त्यांच्यावर लष्कराच्या गोळ्या चालल्या. पुढे १९५५ च्या नोव्हेंबरात, परके सरकार जाऊन आठ वर्षे झाली असता, फ्लोरा फाउंटनपाशी पुन्हा तेच घडले. त्या जागेला आज आपण हुतात्मा चौक म्हणतो. कामगार वस्तीत बंदुकीचे नाव काढले की जुनी माणसे गप्प होतात, ती का, हे यावरून समजावे.

मग आम्ही हत्यार बाळगण्याचा हक्क मागावा काय? तो मागितला गेला होता. १९३१ च्या कराची अधिवेशनात मूलभूत हक्कांचा जो ठराव झाला, त्यात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही होता. घटना समितीत हरी विष्णु कामत यांनी १९४८ च्या डिसेंबरात तो घटनेत घालण्याची दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी ती मान्य केली नाही आणि ती बारगळली. आमच्या मते योग्यच झाले. बंदूक बाजारात खुली झाली असती तर ती आधी कोणी घेतली असती? गावच्या सावकाराने आणि जमीनदाराने. कूळ आणि शेतमजूर यांच्या हाती ती शेवटी आली असती, किंवा आलीच नसती. १९५९ साली नवा शस्त्र कायदा झाला, तो १९६२ च्या ऑक्टोबरात अंमलात आला. परवाना राहिला, पण अर्जदाराचा रंग विचारण्याचे कारण उरले नाही. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाजवळच्या बंदुकांची मर्यादा सर्वसाधारणपणे तीनावरून दोनावर आली.

मालकीचा प्रश्न असा मिटला. खेळाचा प्रश्न वेगळा होता, आणि त्याला हात घातला तो एका मराठी माणसाने. लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर यांचे घराणे मूळचे रत्नागिरीकडील मावळंगे गावचे. जन्म बडोद्याचा, वकिली अहमदाबादेत. १९५१ साली राष्ट्रीय रायफल संघ स्थापन झाला, त्याचे संस्थापक आणि पहिले अध्यक्ष तेच. त्या काळी बंदुकीचा शौक म्हणजे संस्थानिकांची शिकार. बिकानेरचे महाराज करणी सिंग यांनी १९६२ साली कैरोच्या जागतिक स्पर्धेत रौप्यपदक मिळविले. त्यांचे कौशल्य थोर, यात वाद नाही. पण महाराजाला चांदमारी शोधावी लागत नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीची वाट बंद झाली आणि ज्याला नेमच धरावयाचा त्याला कागदाच्या लक्ष्यापाशी यावे लागले. राजा आणि रंक एका रेषेवर आले, ते असे.

रंक आला तो मात्र दुसऱ्याच दाराने. १९४८ साली राष्ट्रीय छात्रसेना निघाली आणि कॉलेजच्या पोरांच्या हाती पॉइंट टू टू रायफल पडली, घरची नव्हे, सरकारची. अंजली वेदपाठक, म्हणजे आजच्या अंजली भागवत, याच छात्रसेनेतून नेमबाजीकडे आल्या आणि सन २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीत पोहोचल्या. दुसरे दार हवेच्या बंदुकीचे. १९८४ च्या ऑलिंपिकपासून दहा मीटरवरची एअर रायफल खेळात आली. साडेचार मिलिमीटरचा छर्रा, दारू नाही. आणि ठराविक जोराच्या आतली असेल तर आपल्याकडे तिला परवानाही लागत नाही. तिच्या लक्ष्यावरचा दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. वाचनालयातल्या पुस्तकातील पूर्णविराम डोळ्यांपुढे आणावा आणि तो दहा मीटरवर ठेवावा.

आता कोल्हापूरकडे वळू. दाजीपूरचे जंगल ही छत्रपतींची राखीव शिकारीची जागा होती. १९५८ मध्ये तेथे अभयारण्य झाले. ते जंगल ज्या राधानगरी तालुक्यात, त्याच तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे, शिक्षकाचा मुलगा, राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीतून नेमबाजीत आला. २०१५ साली तो मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस झाला. १ ऑगस्ट २०२४ रोजी, पॅरिस ऑलिंपिकच्या पन्नास मीटर रायफल स्पर्धेत, गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभे राहून अशा तिन्ही पवित्र्यांत नेम धरीत त्याने ४५१.४ गुणांनी कांस्यपदक मिळविले. महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळाले ते खाशाबा जाधवांनंतर बहात्तर वर्षांनी. त्याच्या आधी कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला जगज्जेत्या झाल्या होत्या. पण आम्हांला त्या दिवशी आठवण झाली ती रेल्वेच्या गोऱ्या वसाहतीची. मध्य रेल्वे म्हणजे जुनी जी. आय. पी. ज्या कंपनीच्या हिंदी नोकराला पथकात जागा नव्हती, तिच्याच वारस रेल्वेच्या तिकीट तपासनिसाने हे पदक आणले. वर्तमानपत्रांनी त्याच्या धैर्याबद्दल पुष्कळ लिहिले. पगार चालू ठेवून सरावाला मिळणाऱ्या सवडीबद्दल त्यामानाने थोडे.

आम्ही काही वर्षे कामगारांच्या मुलामुलींना सुटीत नेमबाजी केंद्रावर नेतो. पहिला तास बंदूक हाती मिळतच नाही. बंदूक नेहमी भरलेलीच आहे असे धरून चालावयाचे, नळी लक्ष्याखेरीज कोठे वळवावयाची नाही आणि चापाला बोट सर्वांत शेवटी, हे तीन धडे आधी. मग पाच किलोंच्या आसपास वजन खांद्याशी आले की मोठमोठ्या बढाया मारणारी पोरे थरथरू लागतात आणि एखादी गप्प बसणारी मुलगी श्वास अर्धा सोडून शांतपणे नऊवर छर्रा टाकते. पुढच्या रविवारी पुन्हा येऊ का, हा प्रश्न बहुधा तीच विचारते. अडचण पुढे असते. स्पर्धेची चांगली एअर रायफल लाखाच्या वर जाते, जाकीट वेगळे, छर्रे वेगळे, केंद्राचे तासाचे भाडे वेगळे. बाप दोन पाळ्या करील तरी हे पुरे पडावयाचे नाही. म्हणून आम्ही पुन्हा १९०१ च्या त्या युक्तीकडे येतो.

एका कारखान्याच्या मागणीपत्रात आम्ही वेतनवाढ आणि बोनस यांच्या खाली एक कलम घातले आहे: कल्याण केंद्रासाठी दोन सामाईक एअर रायफली, एक शिक्षक आणि राज्यस्पर्धेला निवडलेल्या कामगाराला भरपगारी रजा. बोलणी चालू असता व्यवस्थापनाचे एक अधिकारी हसून म्हणाले, “साहेब, आता बंदुका मागता?” रजेवर ते विचार करणार आहेत. जागा नाही, असे त्यांचे म्हणणे. कँटीनच्या मागे जुनी शेड मोकळी पडून आहे. आम्ही ती टेपने मोजली. भिंतीपासून भिंतीपर्यंत सोळा मीटर भरते.