'कल्चर' या शब्दाची मशागत

वर्गात 'कल्चर' या शब्दाचा मराठी प्रतिशब्द विचारला, की क्षणाचाही विलंब न लावता 'संस्कृती' असे उत्तर येते. उत्तर चूक नाही. पण ते इतके चटकन येते, की या एका इंग्रजी शब्दाच्या पोटात परस्परांशी न पटणारे निदान तीन अर्थ नांदतात याकडे लक्षच जात नाही. मग मॅथ्यू अर्नोल्ड आणि ई. बी. टायलर एकाच गोष्टीविषयी बोलत आहेत, अशा समजुतीने विद्यार्थी उत्तरपत्रिका लिहितो.

या शब्दाचे मूळ लॅटिन 'कोलेरे' या क्रियापदात आहे. राहणे, कसणे, जोपासणे, पूजणे अशा त्याच्या अर्थच्छटा. त्यांतली 'कसणे' ही छटा घेऊन 15 व्या शतकात 'कल्चर' इंग्रजीत आला, तो शेतीचा शब्द म्हणून. जमिनीसारखी मनाचीही मशागत होते, हे रूपक सिसेरोने फार पूर्वीच योजले होते. 16 व्या शतकापासून इंग्रज लेखकही ते वापरू लागले. हॉब्जच्या 'लेव्हायथन'मध्ये (1651) मुलांचे शिक्षण म्हणजे त्यांच्या मनाची मशागतच आहे. तोवर हा शब्द क्रियेचा वाचक होता. मशागत कशाची, ते सांगावे लागे. 'कशाची' हा प्रश्न गळून पडून 'कल्चर' एकटा, स्वयंपूर्ण नाम म्हणून उभा राहिला तो 18 व्या शतकाच्या अखेरीपासून पुढे. माझ्या मते या शब्दाच्या इतिहासातली खरी घडामोड हीच. प्रत्येक लोकसमूहाची जीवनरीत त्याची स्वतःची असते, हा हेर्डरचा विचारही जर्मनीत याच काळातला.

अर्नोल्डचे 'कल्चर अँड अनार्की' पुस्तकरूपाने आले 1869 मध्ये. त्याच्या लेखी कल्चर म्हणजे मानवी विचारातील सर्वोत्तमाचा ध्यास, पूर्णत्वाकडे जाण्याची साधना. ती प्रत्येकाजवळ असेलच असे नाही. अवघ्या दोन वर्षांनी, 1871 मध्ये, टायलरचे 'प्रिमिटिव्ह कल्चर' निघाले. त्यात ज्ञान, श्रद्धा, कला, कायदा, रूढी असे माणूस समाजाचा घटक म्हणून जे जे आत्मसात करतो ते सारे कल्चर ठरले. साहजिकच ती नसलेला समाजच संभवत नाही. पुढे टी. एस. एलियटने 1948 च्या पुस्तकात डर्बीची शर्यत, उकडलेला कोबी आणि एल्गारचे संगीत एकाच यादीत बसवून दोन्ही अर्थांची मोट बांधू पाहिली. ती नीट बांधली गेली असे मला वाटत नाही. 1952 मध्ये क्रोबर आणि क्लुकहोन या मानववंशशास्त्रज्ञांनी या शब्दाच्या 164 व्याख्या गोळा केल्या. महायुद्धावरून 1945 साली केंब्रिजला परतलेल्या रेमंड विल्यम्सला या शब्दाने असे झपाटले, की त्याच्या 'कीवर्ड्स'चे (1976) बीज त्यातच पडले.

आता आपल्याकडे पाहू. 'संस्कृती' हा प्राचीन, वैदिक वाङ्मयात आढळणारा शब्द. त्यात मातीचा गंध नाही, संस्काराचा आहे. बंगालीत 'कल्चर'साठी 'कृष्टी' हा शब्द रूढ होऊ पाहत होता. त्यात नांगरणी शाबूत होती, पण रवींद्रनाथांना तो रुचला नाही. 1922 मध्ये पॅरिस येथे एका मराठी मित्राकडून सुनीतिकुमार चटर्जींना 'संस्कृती' हा प्रतिशब्द कळला, त्यांनी तो रवींद्रनाथांच्या कानी घातला आणि त्यांनी तो पसंत केला. मराठीने बंगालीला दिलेल्या या देणगीची आपल्याकडे फारशी वाच्यता होत नाही. असो.

शब्द देखणा आहे, पण त्याचा कल मुळातच अर्नोल्डकडे. साने गुरुजींचे 'भारतीय संस्कृती' (1937) आणि इरावती कर्व्यांचे 'मराठी लोकांची संस्कृती' (1951) ही पुस्तके शेजारी ठेवावीत. गुरुजींना जगण्यातले उदात्त सांगायचे आहे. बर्लिनमध्ये मानववंशशास्त्र शिकलेल्या इरावतीबाईंना लोक जसे आहेत तसे पाहायचे आहेत. शीर्षकातला शब्द मात्र एकच. एखादी गोष्ट 'आपल्या संस्कृतीत बसत नाही' असे म्हणणारा माणूस बहुधा वर्णन इरावतीबाईंच्या अर्थाने सुरू करतो आणि निवाडा गुरुजींच्या अर्थाने देतो. वादात ही सरमिसळ फार सोयीची पडते.

तिसरा, सर्वांत जुना अर्थ आपण निराळ्याच शब्दाकडे सोपवला आहे. प्रयोगशाळेत जिवाणूंचे 'संवर्धन' होते, 'संस्कृती' नव्हे. जळगावकडचे केळी-बागायतदार मात्र 'टिश्यू कल्चर'ची रोपे असेच म्हणतात आणि ती नांगरलेल्या शेतात लावतात.