धर्माची गरज कोणाला? : धम्मक्रांतीकडे समाजशास्त्राच्या नजरेने पाहताना

चळवळीत नव्याने येणाऱ्या शिकलेल्या तरुणांच्या तोंडी हल्ली एक प्रश्न वारंवार येतो. जग विज्ञानाच्या युगात आले, मग आता धर्म हवाच कशाला? बाबासाहेब एवढे विद्वान होते, तर त्यांनी सरळ निधर्मी व्हा असे का सांगितले नाही? डाव्या मित्रांच्या संगतीत हा प्रश्न अधिक धारदार होतो, आणि आपले कार्यकर्ते बहुतेक वेळा त्याला भावनिक उत्तर देऊन मोकळे होतात. या प्रश्नाचे उत्तर भावनेत नाही, इतिहासात आणि समाजशास्त्रात आहे.

धर्माला अफू म्हणणारा मार्क्स सगळ्यांना पाठ असतो. १८४४ च्या त्या लेखात मार्क्सने त्याच दमात असेही म्हटले आहे की धर्म हा पिचलेल्या माणसाचा सुस्कारा आहे. त्या काळी युरोपात अफू वेदना शमवण्याचे औषध म्हणूनही घराघरात होती. म्हणजे मार्क्सचा रोख फक्त भटजी-पाद्र्यांच्या लबाडीवर नव्हता, ज्या परिस्थितीत माणसाला अफू लागते त्या परिस्थितीवर होता. तरीही मार्क्सच्या मांडणीत एक गोष्ट सुटली. भारतात धर्माने वेदना शमवली नाही, वेदना निर्माण केली. अस्पृश्याला पाणवठ्यावरून हाकलणारा धर्मच होता. अशा ठिकाणी धर्माला नुसते अफू म्हणून भागत नाही.

फ्रान्सचा एमिल दुर्खाइम दुसऱ्या टोकाने आला. १९१२ साली धार्मिक जीवनाच्या प्राथमिक रूपांवर त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : देव असो वा नसो, धर्म पवित्र आणि अपवित्र अशी विभागणी करतो, आणि पवित्र वस्तूंभोवती लोकांना एकत्र आणून एक नैतिक समुदाय घडवतो. समाज धर्माच्या रूपाने स्वतःचीच पूजा करतो. ऐकायला सुंदर आहे. पण हा सिद्धांत घेऊन महाराष्ट्रातल्या जुन्या गावात जा. गावगाड्यात महाराला काम होते, मान नव्हता. जत्रेत, सणात, मेलेले ढोर ओढण्यात, वेशीची राखण करण्यात त्याची जागा ठरलेली होती. देवळाच्या पायरीवर मात्र नव्हती. विधीत सगळे गाव सामील होते आणि तोच विधी महारवाडा कुठे संपतो ते दरवर्षी नव्याने सांगत होता. दुर्खाइमचे पवित्र-अपवित्र इथे वस्तूंपुरते राहिले नाही, ते माणसांना लागू झाले. असा धर्म समुदाय घडवतो की समुदाय फोडतो? मला तर वाटते, दुर्खाइमला भारत नीट दिसला असता तर त्याला आपला ग्रंथ अर्धा पुन्हा लिहावा लागला असता.

मॅक्स वेबरने भारताकडे पाहिले, पण लांबून. तो कधी भारतात आला नाही. जनगणनेचे अहवाल आणि प्राच्यविद्येचे ग्रंथ वाचून त्याने १९१६-१७ च्या सुमारास हिंदू आणि बौद्ध धर्मावर लिहिले. कर्मसिद्धांताची पकड त्याने अचूक ओळखली. या जन्मात जातीचा धर्म पाळला तर पुढच्या जन्मी वर चढता येईल, म्हणून सगळ्यात खालच्या जातीलाच ही व्यवस्था पाळण्यात सर्वात जास्त आशा वाटते, आणि जोवर कर्मसिद्धांत अढळ आहे तोवर इथे क्रांतिकारी विचार संभवत नाहीत, असा त्याचा निष्कर्ष होता. वेबर १९२० मध्ये वारला. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर हजारो माणसे पाणी प्यायला उतरली आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली. ज्यांच्याबद्दल वेबरने लिहिले होते त्यांना विचारण्याची सोय त्याच्या पद्धतीत नव्हती. वरच्या जातींनी लिहिलेले ग्रंथ वाचून खालच्या जातींच्या मनात काय चालले आहे हे कळत नाही. हा धडा आजच्या विद्यापीठांतल्या कितीतरी प्राध्यापकांनाही लागू पडतो, पण तो विषय वेगळा.

आता बाबासाहेबांकडे या. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादात त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. वय अवघे पंचवीस. जात म्हणजे बंदिस्त झालेला वर्ग, जातीच्या आत लग्न हा तिचा प्राण, आणि ब्राह्मणांनी दार लावून घेतल्यावर बाकीच्यांनी त्यांचे अनुकरण केले, ही त्यांची मांडणी. अनुकरणाच्या मुद्द्यासाठी त्यांनी गाब्रिएल तार्द या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाचा आधार घेतला. पुढे १९५२ मध्ये एम. एन. श्रीनिवास यांनी कूर्ग लोकांवरील ग्रंथात संस्कृतीकरणाची कल्पना मांडली आणि समाजशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत ती कायमची बसली. खालच्या जाती वरच्यांचे आचार उचलतात हे छत्तीस वर्षे आधी सांगणारा निबंध मात्र त्या पाठ्यपुस्तकांत क्वचितच भेटतो.

पण अनुकरणाने वर चढता येते का? काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला आणि वर्षानुवर्षे चालला. दार उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याची घोषणा झाली. तिच्यानंतरचे जे भाषण प्रत्येक आंबेडकरी तरुणाने बसून वाचले पाहिजे ते ३१ मे १९३६ चे, मुंबईच्या महार परिषदेतले. त्यात मोक्ष, आत्मा, ईश्वर यांना जागा फार थोडी आहे. अस्पृश्यता म्हणजे दोन माणसांचे भांडण नाही, तो दोन वर्गांमधला झगडा आहे, अशी सुरुवात आहे. झगड्याला बळ लागते. बळ तीन प्रकारचे : मनुष्यबळ, द्रव्यबळ, मनोबळ. गावोगाव मूठभर घरांनी विखुरलेल्या समाजाकडे यातले एकही नाही. मग बळ आणायचे कुठून? दुसऱ्या समाजाशी नाते जोडून. ही धर्माची चर्चा आहे की सामाजिक संघटनेची? दोन्ही आहे, आणि तीच त्या भाषणाची ताकद आहे. धर्म माणसाला समुदाय देतो हे दुर्खाइमचे सूत्र बाबासाहेबांनी उलटे करून विचारले : जो धर्म समुदाय देत नाही, तो माझा कसा?

तेथून नागपूरपर्यंत वीस वर्षे गेली. मधल्या काळात त्यांचा विचार बळाच्या हिशोबाच्या पुढे गेला. १९५० मध्ये महाबोधीच्या नियतकालिकातल्या लेखात त्यांनी समाजाला बांधून ठेवायला कायदा पुरत नाही, नीती लागते, आणि धर्म टिकायचा तर तो विज्ञानाशी सुसंगत व स्वातंत्र्य, समता, बंधुता मानणारा हवा, असे मांडले. त्यांच्या निधनानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात तर धर्म आणि धम्म असा सरळ भेद आहे. धर्म वैयक्तिक, धम्म सामाजिक. एकट्या माणसाला धम्माची गरज नाही, पण दोन माणसे एकत्र राहू लागली की धम्मापासून सुटका नाही. निधर्मी का झालो नाही, याचे उत्तर इथे आहे. देव सोडणे सोपे, पण देव सोडल्यावर शेजाऱ्याशी कसे वागायचे हे सांगणारी व्यवस्था लागते. नास्तिक असूनही जात पाळणारी माणसे आपल्या ओळखीत किती आहेत, मोजून पाहा.

“सवलतींसाठी धर्म बदलला” असा आरोप करणारे अजून सापडतात. त्यांना इतिहास दाखवा. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार हिंदू नसलेल्याला अनुसूचित जातीचा दर्जा नव्हता. शिखांना तो १९५६ मध्ये मिळाला. म्हणजे १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षा घेणाऱ्या लाखो लोकांनी केंद्राच्या सवलती जाणार हे ठाऊक असताना दीक्षा घेतली. महाराष्ट्र राज्याने १९६० पासून राज्यापुरत्या सवलती दिल्या. केंद्रासाठी लढावे लागले. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखालच्या १९६४ च्या सत्याग्रहात जमिनीच्या मागणीबरोबर बौद्धांच्या सवलतींचीही मागणी होती. निर्णय झाला १९९० मध्ये. चौतीस वर्षे! हा फायद्याचा सौदा असेल तर असा तोट्याचा सौदा कोणी केला नसेल.

आणि मिळाले काय? १९५१ च्या जनगणनेत देशात बौद्ध सुमारे १ लाख ८१ हजार, १९६१ मध्ये साडेबत्तीस लाख, त्यातले जवळपास २८ लाख महाराष्ट्रात. २०११ मध्ये देशात बौद्ध ८४ लाखांच्या वर आणि साक्षरता ८१ टक्के, तेव्हा देशाची साक्षरता ७३ टक्के होती. याचे सगळे श्रेय धर्मांतराला देणे चूक ठरेल. वसतिगृहे, आरक्षण, शहरांतल्या गिरण्या आणि रेल्वेच्या नोकऱ्या यांचाही त्यात वाटा आहे. पण मुलीला शाळेत घालायचे की नवस फेडायचे, असा प्रश्न घरात आला तेव्हा बावीस प्रतिज्ञांनी बाजू घेतली, हे आपल्या आज्यांना विचारले तर कळेल.

मात्र धर्म बदलला म्हणून गाव बदलत नाही. २००६ मध्ये खैरलांजीत ज्यांची हत्या झाली ते कुटुंब बौद्ध होते. गावासाठी ते महारच होते. पुढे न्यायालयात खून सिद्ध झाला, अ‍ॅट्रॉसिटीचे कलम टिकले नाही. आणि आपल्या आतही पाहायला हवे. १९१६ च्या निबंधाने जातीचा प्राण जिथे दाखवला तिथे आपण कुठे आहोत? बौद्ध वधू-वर मेळाव्यात पोटजात विचारली जाते. बौद्ध झालेल्या मातंग किंवा चर्मकार घरात मुलगी देताना किती बौद्ध बाप पुढे येतात? धम्म महारांपुरता राहिला तर तो बाबासाहेबांच्या व्याख्येतला धम्म उरत नाही, बंदिस्त वर्गाचे नवे नाव होते. विहारांचेही तेच. १४ एप्रिल आणि विजयादशमीला विहार फुलतो, बाकी वर्षभर किती ठिकाणी कुलूप असते?

२००१ ते २०११ या दशकात देशाची लोकसंख्या सुमारे १७.७ टक्क्यांनी वाढली, बौद्धांची फक्त ६.१ टक्क्यांनी. लहान कुटुंब, शिक्षण ही कारणे आहेतच. पण आणखी एक कारण कार्यकर्त्यांना गावोगाव दिसते : प्रगणक न विचारता धर्माच्या रकान्यात ‘हिंदू’ लिहितो आणि आपले लोक, सवलत जाईल या जुन्या भीतीने, गप्प बसतात. ती भीती १९९० मध्येच संपली. धर्माच्या रकान्यात ‘बौद्ध’ लिहून अनुसूचित जातीच्या रकान्यात आपली जात लिहिता येते, २०११ मध्ये साडेसत्तावन लाखांच्या आसपास लोकांनी तसे लिहिलेही. २०२७ ची जनगणना जातनिहाय होणार आहे. प्रगणक दारात येण्याआधी आपल्या वस्तीतल्या प्रत्येक घरात ही एवढी गोष्ट समजावून सांगायला कोण जाणार, हे शाखांनी आत्ताच ठरवावे.