उपाहारगृह आणि सहभोजनाचा सामाजिक इतिहास

कुटुंबासह वा मित्रांसमवेत बाहेर जेवणे हा आज आवडीचा व ऐपतीचा विषय मानला जातो. परंतु कोणी कोणाच्या हातचे खावे, हा प्रश्न महाराष्ट्रात दीर्घकाळ धर्मनिर्णयाचा होता. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमधील चहामुळे ग्रामण्य उद्भवले आणि टिळक, रानडे यांनाही प्रायश्चित्त घ्यावे लागले. याउलट राजर्षी शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे यांना कोल्हापुरात चहाचे हॉटेल काढण्यास उत्तेजन दिले व स्वतः तेथील चहा घेतला. दान देण्यापेक्षा राजाने दलिताच्या हॉटेलाचे ग्राहक होणे, ही बाब अधिक मूलगामी वाटते. पुढे १९५० मध्ये अमलात आलेल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद १५(२) ने उपाहारगृहांतील प्रवेशबंदी निषिद्ध ठरविली. १९५५ च्या अस्पृश्यताविरोधी कायद्याने ती दंडनीय केली. तरीही खेड्यापाड्यांतील हॉटेलांत दलितांसाठी निराळी कपबशी दीर्घकाळ टिकून राहिली. प्रवेश मिळाला, पंगत मात्र वेगळीच होती.

स्त्रियांचा प्रश्न निराळा होता. मुंबईतील इराणी हॉटेलांनी त्यांच्यासाठी ‘फॅमिली रूम’ राखून ठेवली. हा आडोसा बंधनच होते, हे खरे. पण त्याच आडोशामुळे प्रतिष्ठित समजल्या जाणाऱ्या कुटुंबांतील स्त्रियांना हॉटेलात बसणे शक्य झाले.