दंडापासून पालकसभेपर्यंत

मंडळी, गावच्या शाळेनं पालकांकडून काय मागितलं? १९१७ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, तेव्हा मागणी एकच होती: पोर शाळेत धाडा. नाही धाडलं तर महिन्याला १ रुपया दंड! गरिबाला जड होता, तरी मला तो पटतो. नाहीतर पोर गुरांमागंच गेलं असतं.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानं जबाबदारी शिक्षकावरही टाकली. कलम २४ सांगतं, पालकांना नियमित भेटून मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता, प्रगती सांगा. पण प्रगतिपुस्तकात नुसतं ‘सुधारणेस वाव’ लिहिलं, तर शेतावरून आलेल्या आईनं करायचं काय? बाई म्हणाल्या, “जोडाक्षरांना अडखळतोय, रोज एक पान मोठ्यानं वाचून घ्या,” तर ती थोरल्या ताईला तरी शेजारी बसवेल.